कडेचा बगळा

नखावर पांढरा ठिपका — उजव्या अंगठ्याच्या, अगदी मुळाशी, तांदळाच्या कणीएवढा. तो कधी उगवला ते भानुदासला कळलंच नव्हतं, पण डनेलनहून सुटलेल्या ट्रेनमध्ये खिडकीतलं ऊन हातावर पडलं आणि तो दिसला, समोर होता म्हणून दिसला... समोरचं अजून सगळं दिसतं. कडेचं तेवढं जातं आहे, लुगड्याचे काठ आधी विरावेत तसं, आणि हे मोनालीला ठाऊक नाही.

लेक डाव्या हाताला बसली होती. म्हणजे असणार, डब्यातल्या थालीपिठाचा वास तिकडून येत होता.

"बाबा, खरं सांगू? मला वाटलं, दोन आठवडे टिकेल तुमचं हे कार सोडणं. अनुप तर म्हणत होता, बाबा आता फ्रिज बंद करून माठ आणतील."

"जावईबापूंना म्हणावं, आणतो. पाणी तुम्ही भरा."

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "ऑफिसमध्ये मी सगळ्यांना सांगते. माझे बाबा पक्षी बघायलासुद्धा कार काढत नाहीत. म्हणून आज मीपण नाही काढली."

धूर सोडत जायचं आणि पाखरांना भेटायचं, हे कसलं भेटणं — हे वाक्य त्याचंच, पिस्कॅटवेच्या हॉलमधल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमातलं, आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. त्याच्या आदल्याच आठवड्यात दुकानाच्या पार्किंगमधून बाहेर पडताना डावीकडून एक पळणारी मुलगी जमिनीतून उगवावी तशी बॉनेटपुढे उगवली — ब्रेक लागला, तिचा तळवा पत्र्यावर टेकला, आणि सॉरी म्हणाली ती, त्याला!... दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीची किल्ली मोनालीला देऊन टाकली. का, असं तिनं विचारल्यावर तोंडून आलं, पृथ्वीसाठी. पृथ्वी मोठी असते, तिच्याआड एक माणूस सहज लपतो.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी राखू. मोनालीला सांगितलं तर ती रागावणार नाही, तेच तर अवघड — ती काळजी घेईल. आपल्या घरातली वरची खोली देईल, पायरीपायरीला कोपराखाली हात देईल, आणि हे एकट्यानं उठून निघणं, सुजाता गेल्यापासून एवढंच तर माझं म्हणून उरलं आहे... नाही, नको.

आणि गंमत अशी की विरजण चोरीचं, तरी दही खरंच लागलं होतं. सुजाता होती तेव्हा दोघं नवराबायको तास-तास गाडी हाकत अभयारण्यात जायची, काच खाली करून बघायची, काच वर करून परतायची. आता पायी हिंडताना त्याला बेडकाची बुडी ऐकू यायची, ओंडक्यावरून कासवं घसरल्याचा टपटप आवाज यायचा, वारा कुठल्या झाडातून आला ते पानं सांगायची. खोटं बोलून घेतलेली वाट त्याला खरंच आवडू लागली होती. मग आता ते खोटं राहिलं का? राहिलं. लेक शेजारी बसल्यावर राहिलंच.

बाउंड ब्रूकला उतरून, नदीवरचा पूल चालत ओलांडून दोघं कालव्याच्या वाटेला लागली. डावी कड जास्त गेलेली, म्हणून एरवी तो पाणी उजव्या हाताला राहील असाच चालायचा. आज मोनाली म्हणाली, या बाजूला जाऊ, सावली आहे. पाणी डावीकडे गेलं.

थोड्या वेळानं ती थबकली. "बाबा," आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "राखी बगळा. केवढा जवळ. बघताय ना?"

त्यानं मान वळवली. पाणी, पाण्यावरची हिरवी साय, ऊन, वाकलेली फांदी...

"हो," तो म्हणाला. "काय ऐटीत उभा आहे."

बगळा ऐटीतच उभा असतो. एवढं बोलायला डोळे लागत नाहीत.

मोनाली त्याच्या उजव्या हाताला होती. मग उजवीकडून एक बारीक आवाज आला, टिक्‌टिक् — नखावर नख. इतक्या वर्षांनी! डोक्यावरून बगळ्यांची रांग निघालेली, सुजाता पोरीची बोटं धरून शिकवते आहे, नखावर नख घास आणि फूल माग, नखावर पांढरं फूल देतात ते, आणि पोर, इथं परदेशातच जन्मलेली, मान वर करून विचारते आहे, "आई, पण त्यांना मराठी येतं का?" आणि सुजाता हसून म्हणते आहे, "त्यांना कशाला यायला हवं? मागणाऱ्याला मागता आलं की पुरे."

मागता आलं की...

भानुदासनं अंगठा मुठीत घेतला.  भीती गेली नव्हती, फक्त ती आता एकटी नव्हती.

"मोनाली," तो म्हणाला, "कुठे आहे गं तो?"

नखांचा आवाज थांबला. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, आणि बघावा म्हणून त्यानं मानही वळवली नाही. पाण्याकडे तोंड करून तो उभा राहिला, बगळा तिथं असेल-नसेल, ती कोपराखाली हात घालेल की नुसतं बोट दाखवेल — काहीच ठाऊक नसताना, फूल मागून झाल्यावर पोर थांबतं तसा, वाट बघत.