टाकी भरेपर्यंत

लिंदोमारने अकॉर्डियन खुंटीला टांगलं, त्या दिवशी जेनिल्दाने मक्याची खीर केली. सणाला करतात तशी, वर दालचिनी भुरभुरून.

लग्न झाल्यापासून ती त्या वाद्याला सवत म्हणत आली होती. तो गावोगावच्या नाचांत वाजवायचा. जून महिन्यात, सान जुआंवच्या सणाच्या होळ्या पेटल्या की त्याला घर आठवायचंही नाही. तो वाजवणार, बायका घामाघूम होऊन नाचणार, कुणीतरी ओळ टाकणार आणि तो पुढची ओळ जुळवून देणार. आमच्या मुलखात तसा नेमच आहे. कुणीही ओळ टाकावी. गाणाऱ्याने ती पुरी करायची, नाहीतर मान खाली घालून वाद्य उचलायचं. लिंदोमारने कधी मान खाली घातली नव्हती. त्याच्या सदऱ्याला मात्र परक्या अत्तराचा वास यायचा.

शेवटी जेनिल्दा म्हणाली होती, "ते खोकं तरी ठेव, नाहीतर मला तरी."

त्याने तिला ठेवलं. अवजड गाडी शिकला, परवाना काढला आणि एका कंत्राटदाराच्या पाण्याच्या टँकरवर लागला. धरणावर टाकी भरायची, वाड्यावस्त्यांवर जायचं, दारोदारच्या पांढऱ्या टाक्यांत पाणी सोडायचं, उन्हं कलली की घरी. पोरी संध्याकाळी उंबूच्या झाडाखाली बापाची वाट बघू लागल्या. जेवायला चौघं बसू लागले. जेनिल्दाच्या गालावर मांस चढलं.

मग एक दिवस दामियाना आली. धाकटीची बाप्तिस्म्याची धर्ममाता, शेजारीण, आणि गावातली प्रत्येक बातमी आधी चाखून बघणारी.

"तुझा नवरा मजेत आहे गं, कोमाद्रे," ती म्हणाली. आमच्याकडे पोरीची आई आणि धर्ममाता एकमेकींना कोमाद्रेच म्हणतात.

"मजेत कसला? उन्हात रापतोय बिचारा."

"रापतोय खरा. पण मला सांग, टाकी भरायला वेळ लागतो की नाही?"

"लागणारच."

"मग टाकी भरेपर्यंत तो काय करतो?"

दामियाना कॉफी पिऊन गेली, आणि तो प्रश्न घरातच बसून राहिला. टाकी भरेपर्यंत तो काय करतो? नळी टाकीत सोडली की माणूस मोकळा. दारापुढे सावली. सावलीत बाई. या दुष्काळात जिच्या दारी पाणी येतं, तिला पाणी आणणारा देवदूतच वाटणार. नाचात निदान बायका घोळक्याने असायच्या. इथे तर दर दाराला एकेक, आणि बहुतेकींचे नवरे कामाला दूर, साऊँ पावलो शहरात.

त्या संध्याकाळी तिने सदरा हुंगला. अत्तर नव्हतं. कॉफीचा वास होता, आणि कुणाच्या तरी भट्टीतल्या केकचा. दुसऱ्या दिवशी तिला बटण दिसलं. तुटलेलं बटण, ती आज लावीन उद्या लावीन म्हणत होती ते, कुणीतरी लावून दिलं होतं. निळ्या दोऱ्याने.

अत्तर धुऊन निघतं. दोरा कसा निघायचा? निळा दोरा तिच्या डोळ्यांत काट्यासारखा रुतला. तिच्या घरात निळा दोरा नव्हताच.

"कुणी लावलं?"

"दोना कितेरियाने. म्हातारीने."

"म्हातारीला दिसत नाही! गावाला ठाऊक आहे."

"अगं, तिनेच लावलं."

"मग त्याच वाटेवरच्या इवानीने कशाला लावलं नाही? ती तर तरणी आहे, हसरी आहे, आणि एकटी आहे."

"तू विचारतेस की सुचवतेस?" तो हसला. ते हसणं तिला पूर्वीच्या नाचांतलं वाटलं. तिने त्याला संत आंतोनियोच्या तसबिरीपुढे उभं केलं आणि शपथ घातली: कुणाच्या दारची कॉफी प्यायची नाही, सावलीत बसायचं नाही. पाणी सोडायचं आणि केबिनमध्ये काच वर करून बसायचं.

 त्याने शपथ घेतली आणि पाळलीही.

आता आमच्याकडे दारची कॉफी नाकारणं म्हणजे काय, हे जेनिल्दाला कळत नव्हतं असं नाही. पण मत्सराच्या धुरात माणसाला आपल्याच चुलीवर काय करपतंय ते दिसत नाही. आधी बायका म्हणाल्या, "आमचे कप काय खरकटे आहेत?" मग म्हणाल्या, "नाचातली मिजास अजून उतरली नाही." आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं: कॉफी कुठल्या पाण्याची? यानेच आणलेल्या. आणि हाच पीत नाही? ज्याने पाणी भरलं तोच त्या पाण्याची कॉफी पीत नसेल, तर त्याने धरणात काहीतरी पाहिलंय.

झालं. मेलेल्या गाईपासून मेलेल्या माणसापर्यंत सगळं त्या पाण्यात तरंगू लागलं. दोना कितेरियाने टाकीवर झाकण घातलं आणि झाकणावर स्वतः बसली. "तुझं पाणी तुलाच लखलाभ," ती म्हणाली. टँकर भरलेला परत आला.

कंत्राटदाराने दोन दिवस पाहिलं. मग लिंदोमारला म्हणाला, "लोक तुझं पाणी घेत नाहीत, तर मी दुसरा माणूस घालतो. तुला साऊँ पावलोच्या मालट्रकवर देतो. महिना दीड महिना बाहेर राहावं लागेल. सोमवारी सांग."

लिंदोमारने घरी येऊन हे सांगितलं ते ताटावर बसून, आवाज न चढवता. पोरी चमचे हातात धरून ऐकत होत्या.

"मग? शपथ मोडायची होतीस!" जेनिल्दा म्हणाली.

"तू घातली होतीस."

"मी काहीही घालीन. तुला अक्कल नाही?"

"होती," तो म्हणाला. "ती पण खुंटीला टांगली."

तिला रागावता आलं नाही. महिना दीड महिना. उंबूखाली पोरी कुणाची वाट बघणार? तिने ताट सरकवलं. "उद्या मी येते बरोबर. बघू कोण पाणी घेत नाही."

आणि मनाच्या तळाशी, खरं सांगायचं तर, तिला इवानीचं दार बघायचंच होतं.

सकाळी ती ठेवणीतला झगा घालून केबिनमध्ये बसली. पहिलं दार दोना कितेरियाचं. म्हातारी झाकणावर होती. जेनिल्दा उतरली, टँकरची तोटी सोडली, ओंजळभर पाणी जमलेल्या शेजारणींसमोर प्यायली आणि म्हणाली, "आई, पाणी चांगलं आहे. वाईट होते ते माझे डोळे. कॉफी टाका. दोघांना."

म्हातारीने मान तिरकी केली. "म्हणजे तू ती जळकी बायको?"

"तीच."

"बटण टिकलं का गं? सुई मी धरली, दोरा त्याने ओवला. मला दिसत असतं तर पांढराच घेतला असता."

जेनिल्दाच्या कानशिलांना ऊन लागलं. पण लिंदोमार तिच्याकडे बघत नव्हता. तो नळी टाकीत सोडत होता. पाणी धो धो पडू लागलं. दोघांच्या हातांत कॉफीचे कप देऊन म्हातारी टाळी वाजवून म्हणाली, "किती दिवस उपाशी ठेवलंस रे! घे—

गुळाची कॉफी काळी, पोरा, चूल माझी वाकडी—"

आणि लिंदोमार, टायरवर एक पाय ठेवून, डोळे मिटून गायला:

"दात गेले सगळे तरी बोली तुझी फाकडी!"

म्हातारी हसून हसून खोकली. जेनिल्दाने मात्र कप खाली ठेवला. तो आवाज! खुंटीवर टांगला आहे असं तिला वाटत होतं तो आवाज.

दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. बायका ओळ टाकायच्या, तो जुळवायचा. घरी तो "मीठ दे" म्हणायचा, "पोरी झोपल्या का" म्हणायचा. आणि इथे, टाकी भरेपर्यंत, दारोदार गाणं सांडत होता.

इवानी खरंच देखणी होती. जेनिल्दाने तिला नखशिखान्त पाहून घेतलं. इवानीने दोघांना कॉफी दिली, टाकीच्या कडेला टेकली आणि न हसता ओळ टाकली:

"टाकी माझी भरली, दादा, ओसरी राहिली रिकामी—"

 तो हळू आवाजात म्हणाला:

"पाणी आणणं हाती माझ्या, धनी आणू कसा मी?"

इवानीने झग्याचं टोक डोळ्यांना लावलं. जेनिल्दाला तिची कीव आली. आणि त्याच क्षणी असा मत्सर उसळला की आजवरचे सगळे मत्सर त्यापुढे पाण्यासारखे पातळ. ही बाई काही चोरत नव्हती. जे जेनिल्दाने स्वतः घराबाहेर काढलं, तेच हिने दारात उचलून घेतलं होतं.

उन्हं कलल्यावर दोघं घरी परतली. टँकरमध्ये तळाशी थोडं पाणी डचमळत होतं, घरच्या टाकीपुरतं. लिंदोमारने नळी सोडली आणि सवयीने घरात जायला निघाला.

"थांब," ती म्हणाली. "टाकी भरेपर्यंत दारात थांबायचं असतं."

ती आत गेली. कॉफी टाकली, गूळ जरा जास्तच घातला. बाहेर आली तेव्हा पोरी उंबूखाली उभ्या होत्या आणि तो टायरला टेकून होता, पाहुण्यासारखा. तिने कप त्याच्या हातात दिला. तिला गाता येत नव्हतं. घसा खरवडून तिने ओळ टाकली:

"गावाला वाटलं पाणी, घरी आणलीस रिती घागर—"

पाणी पडत राहिलं. तो कपात बघत राहिला. इतका वेळ, की तिला वाटलं, आज याची मान खाली जाणार, आणि तीही माझ्याच दारात. मग त्याने डोळे मिटले.

"रितीच बुडवतात, राणी, जिथे भरला असतो सागर."

थोरलीने टाळी वाजवली. धाकटीने थोरलीकडे बघून वाजवली.

जेनिल्दाने हनुवटी वर केली. "सागर म्हणजे खारट, असंच ना?"

"चव बघून बरेच दिवस झाले," तो म्हणाला.

ती हसली. मग आत जाऊन अकॉर्डियन खुंटीवरून काढलं, झग्याने त्यावरची धूळ पुसली आणि त्याच्या छातीवर आदळलंच.

"सोमवारी कंत्राटदाराला सांग, पाणी जातंय. आणि दारोदार कॉफी पी, माझी ना नाही. पण इवानीकडे अर्धाच कप."

"आणि ओळ?"

तिने टाकीत डोकावून पाहिलं. टाकी भरत आली होती.

"ओळ पुरी कर," ती म्हणाली. "पण चांगली घरासाठी राखून ठेव."