कठड्यापलीकडचं मत

वेस्टमिन्स्टरच्या वरच्या सभागृहातून राज्य चालतं असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी तिथली झाडलोट करते आणि शेकोट्या पेटवते, तेव्हा मला विचाराल तर तिथे मुख्यतः चिखल येतो. सरदार मंडळी घोड्यावरून उतरतात ती थेट आत, बुटांना अर्धा परगणा चिकटलेला. बाकांखाली संत्र्याच्या साली, गालिच्यावर तपकीर. सकाळी बिशप प्रार्थना म्हणतात, अध्यक्ष लोकरीच्या गादीवर बसतात, मग कुणाच्या कुंपणाचं, कुणाच्या रस्त्याचं, कुणाच्या काडीमोडाचं विधेयक वाचलं जातं. दोघं ऐकतात, बाकीचे पेंगतात. आणि हेच लोक बाहेर नाकाने कांदे सोलत फिरतात.

पण त्या जूनमधल्या दिवशी मी स्वतः प्रार्थनेला हात जोडले होते. शेवटचं विधेयक आमच्या मेल्खिओरचं होतं.

मेल्खिओर हाउफ जर्मन मुलखातून आलेला पाववाला. आमच्याच गल्लीत त्याची भट्टी. बायको ॲनिस इथलीच, दोन मुली इथेच जन्मल्या. पण तो मात्र परका. आणि परक्याला या देशात घर स्वतःच्या नावावर घेता येत नाही, घेतलं तर मेल्यावर ते बायकामुलांना मिळत नाही, सरकारजमा होतं. त्याला इंग्रज करून घेणारा कायदा दोन्ही सभागृहांनी मंजूर केला तरच सुटका. खालच्या सभागृहाने केला होता. इथलं शेवटचं वाचन तेवढं उरलं होतं. राजेसाहेब उद्या अधिवेशन संपवायला येणार, आणि तोवर जे पुरं झालं नाही ते मेलं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. मेल्खिओरचा खोकला ऐकला असता तर पुढच्या वर्षाची गोष्ट तुम्हीही काढली नसती.

तो सकाळपासून दाराबाहेर उभा होता.

"डॉर्कसबाई, आत किती जण आहेत?"

"पाच. बाकीचे घोड्यांच्या शर्यतीला गेलेत."

"पाच चालतात?"

"तीन चालतात. तू पाणी पी आणि गप उभा राहा."

असल्या विधेयकाला कधी कुणी हूं की चूं करत नाही. वाचतात, माना डोलावतात, झालं. पण त्या पाचांत लॉर्ड हार्कस्टेड होते. उंच, वाळकुडे, परक्यांचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. त्यांच्या शेजारी त्यांचा भाचा, मामा शिंकला तर हा रुमाल काढणार. समोर बिशप आणि एक तरुण सरदार, दोघंही मेल्खिओरच्या बाजूचे. आणि मधल्या बाकावर म्हातारे लॉर्ड वेक्सकोम. त्यांच्या पायांना संधिवात. नोकर त्यांना खुर्चीत घालून आणत आणि बाकावर ठेवून जात. हार्कस्टेड आणि वेक्सकोम यांच्या जमिनी लागून, मधल्या ओढ्यावरून तीस वर्षांचं वैर. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नसत.

"ए बाई!" वेक्सकोम मला ओरडले. "जून असेल तुझ्या घरी. माझ्या गुडघ्यांत जानेवारी आहे. शेकोटी नीट कर."

मी कोळसे घालत होते तेवढ्यात हार्कस्टेड उठले.

"माझा विरोध आहे. आज एक पाववाला, उद्या शंभर. दार एकदा किलकिलं केलं की मग ते लावायचं कुणी?"

"तुमचे पूर्वज फ्रान्सातल्या नॉर्मंडीहूनच आले ना? की इथल्या कोबीतून उगवले?" वेक्सकोम भिंतीकडे बघत म्हणाले.

अध्यक्षांनी मत विचारलं. "मान्य," असं तिघं म्हणाले. वेक्सकोम तर इतक्या जोरात की बिशप दचकले. "अमान्य," असं मामा-भाचे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात हार्कस्टेडांनी मतविभागणी मागितली, आणि परक्यांनी, म्हणजे सभासद नसलेल्या सगळ्यांनी, बाहेर व्हावं अशी आरोळी झाली. नोकर, चपराशी सगळे बाहेर गेले, दार लागलं. मी कोळशाची बादली घेऊन शेकोटीपाशीच अडकले. बाहेर जाणं जमेना, म्हणून भिंतीवरच्या मोठ्या विणलेल्या पडद्यामागे शिरले. माझी नोकरी त्या क्षणी त्या पडद्यावरच टांगलेली होती.

आता आमच्याकडची रीत अशी, की विभागणी मागितली की जिभेला किंमत नाही. विधेयक ज्यांना मान्य, त्यांनी उठून सभागृहाच्या टोकाचा लाकडी कठडा ओलांडायचा. अमान्य असेल त्यांनी बसून राहायचं. कोण कुठे आहे ते मोजतात.

बिशप आणि तरुण सरदार चटकन कठड्याबाहेर गेले. वेक्सकोम बाकावरच राहिले.

त्यांनी काठी रोवली. उठले, अर्धे. पुन्हा बसले.

"लॉर्ड वेक्सकोमनी मान्य म्हटलंय!" तरुण सरदार पलीकडून ओरडला. "आम्ही सगळ्यांनी ऐकलंय!"

"जे आत आहेत ते अमान्य," अध्यक्ष म्हणाले. ते स्वतः अजून सरदार झाले नव्हते, त्यांना मत नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "नियम माझा नाही."

"मग मी येतो त्यांना धरायला."

"आत आलात तर तुम्हीही आत मोजले जाल."

"तीन विरुद्ध दोन," भाचा हळूच म्हणाला. "जिंकलो की, मामा."

वेक्सकोम पुन्हा उठले. या वेळी उभे राहिले, दोन पावलं टाकली, आणि बाकाच्या कडेला धरून थांबले. पडद्याच्या फटीतून मला त्यांचे हात दिसत होते, कड न सोडणारे. मी बाहेर पडून त्यांना धरायला धावले असते, देवाशप्पथ, पण मग सगळी विभागणीच रद्द झाली असती आणि उद्यापर्यंत दुसरी होणार नव्हती. मी ॲप्रनचं टोक चावत उभी राहिले. इतका राग मला कधी आला नव्हता. घरादाराचा निवाडा माणसाच्या गुडघ्यांनी करायचा, ही कुठली रीत?

अध्यक्षांनी घसा खाकरला. "मोजणी सुरू करावी लागेल."

"थांबा," हार्कस्टेड म्हणाले.

ते उठले. भाच्याने बाही धरली. "मामा, बसा ना. आपोआप होतंय."

"तेच तर." त्यांनी बाही सोडवून घेतली. गालिच्यावरून चालत ते वेक्सकोमांपाशी गेले आणि आपला दंड पुढे केला.

"धरा."

"तुमचा? त्यापेक्षा मी रांगत जाईन."

"रांगा मग. संध्याकाळ होईल. मला जेवायचंय."

"ओढा माझाच आहे, हे लक्षात ठेवा."

"तुमचा कधीच नव्हता. पाय उचला."

वेक्सकोमांनी दंड धरला. एकेक पाऊल, मध्ये थांबून शिव्या, पुन्हा एक पाऊल. असे दोघं म्हातारे, एकमेकांच्या बापाचा उद्धार करत, सबंध सभागृह चालून गेले. कठड्यापाशी तरुण सरदाराने पलीकडून हात पुढे केले आणि वेक्सकोमांना ओढून घेतलं. हार्कस्टेड मात्र कठड्याच्या आतच थांबले. बुटाचं टोकसुद्धा पलीकडे जाऊ दिलं नाही. मग वळले, आपल्या जागेवर आले, आणि हाताची घडी घालून बसले.

"माझं मत अमान्य," ते म्हणाले. "आता मोजा."

तीन बाहेर, दोन आत. विधेयक मंजूर.

मी पडद्यामागे रडले. लपवायचं कशाला? कोळशाच्या हातांनी डोळे पुसले आणि दार उघडताच तशीच काळ्या तोंडाने बाहेर धावले. चपराशाने माझ्याकडे पाहून छातीवर क्रूसाची खूण केली.

"झालं!" मी मेल्खिओरला म्हटलं. "राजेसाहेबांची मान हलायची तेवढी बाकी, आणि असल्या कायद्याला ती कधी हलली नाही असं झालंच नाही."

तो भिंतीला टेकला आणि त्याच्या भाषेत दोन-तीनदा एकच शब्द म्हणाला. मग मी आत काय झालं ते सांगितलं, सगळं. सांगते आहे तोवर हार्कस्टेड बाहेर आले. मेल्खिओर पुढे झाला आणि कमरेत वाकला.

"आभार मानू नकोस," हार्कस्टेड तुटकपणे म्हणाले. "मी तुझ्या विरुद्ध होतो. अजूनही आहे. उद्या विचारलंस तर उद्याही असेन."

"मला सांगितलं या बाईंनी, सरकार."

"मग वाकतोस कशाला?"

मेल्खिओर सरळ झाला. खोकला आवरला. "तुम्ही मला हरवू शकत होता आणि हरवलं नाहीत. मी जिथून आलो तिथे असा विरोधक मिळत नाही, सरकार. म्हणून तर इथे राहायचं होतं."

हार्कस्टेड त्याच्याकडे बघत राहिले. आता हा माणूस काय बोलतो म्हणून मी बादली घट्ट धरली. पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पाववाल्यासमोर, त्या भरल्या दालनात; थोडी झुकवली, परत घातली, आणि निघून गेले.