चौघांत एक प्रत

अंबडला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार कॉलेजांनी मिळून आपली जुनी नियतकालिकं ठेवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं होतं. कॉलेजांच्या ग्रंथालयांत पाय ठेवायला जागा नव्हती. जाडजूड बांधीव खंड भिंतीला टेकून धूळ खात होते, आणि तिथं आता कॉम्प्युटरची टेबलं हवी होती. युक्ती साधीच होती. एकाच नियतकालिकाचे संच दोघातिघांकडे असायचे. त्यातला एक चांगला संच शेडमध्ये कायमचा ठेवायचा, आणि उरलेल्या दुबार संचांवर लाल पट्टी चिकटवून ते कागद गिरणीला पाठवून द्यायचे. तिथं त्यांचा लगदा होणार आणि लगद्याचे पुठ्ठे.

कुठला संच ठेवायचा आणि कुठल्यावर लाल पट्टी लावायची, हे बघायचं काम प्रतिभा गांगुर्डेकडे होतं. शहरातल्या कॉलेजात ती ग्रंथपाल होऊन तीन वर्षं झाली होती. हळू बोलणारी, हातचं काम नेमानं करणारी बाई. पट्टी लावतानासुद्धा ती खंडावरची धूळ आधी पुसून घ्यायची. जाणाऱ्याला मळक्या तोंडानं कशाला पाठवायचं, असं तिला वाटे.

निवृत्ती सरांचा फोन आला तो याच दिवसांत. सर मातीशास्त्राचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एक त्रैमासिक चालवलं होतं. निफाड, विंचूरकडच्या विहिरींचं पाणी, जमिनीचा कस, द्राक्षबागांवर कुठल्या साली कुठला रोग आला, हे सगळं विद्यार्थ्यांना बांधाबांधावर पाठवून त्यांनी टिपून घेतलं होतं. छपाई मोजकीच, आणि इंटरनेटवर त्यातली ओळही नव्हती.

"प्रतिभा, पोरगा म्हणतोय, नव्या फ्लॅटमध्ये कपाट मावत नाही," सर म्हणाले. "घरचा संच देऊन टाकू का? दुसरीकडे कुठे आहे ना?"

तिनं कॉम्प्युटरवर बघितलं. दोन संच दिसत होते, एक तिच्या कॉलेजात, एक तालुक्याच्या कॉलेजात. "द्या सर. दोन ठिकाणी आहे," ती म्हणाली. कुणाच्या तरी डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखं तिला बरं वाटलं.

तालुक्याच्या संचाची नोंद अलीकडची होती आणि संच पूर्ण दाखवत होता. म्हणून तो ठेवायचा ठरला. तिच्या कॉलेजच्या संचावर लाल पट्ट्या लागल्या. आता नियम असा, की ठेवायचा संच रॅकवर आल्याशिवाय दुबार संच हलवायचा नाही. पण तालुक्याची खोकी येता येईनात, आणि गिरणीला जायची गाडी दारात उभी.

"मॅडम, नियम बरोबरच आहे, पण जागा कुठंय?" शेखर म्हणाला. चारही कॉलेजांच्या वतीनं शेडचा कारभार तोच बघायचा. "कॉम्प्युटर दाखवतोय ना, आहे म्हणून? मग आहे. का आता कॉम्प्युटरला शपथ घालू?"

प्रतिभा हसली आणि हो म्हणाली. तो संच घेऊन सोमवारची गाडी गेली. ती फाटकाबाहेर वळेपर्यंत प्रतिभा दारात उभी राहिली. मग आत येऊन पुढच्या खंडांची धूळ पुसायला लागली.

गुरुवारी तालुक्याची खोकी आली. सोबत तिथल्या ग्रंथालयातली जुलेखा होती. कंत्राटावरची मुलगी, बोलायला मोकळी. ती टेम्पोतून उतरते न उतरते तोच मागून रिक्षा थांबली आणि काठी टेकत निवृत्ती सर उतरले.

"अगं, घरचं कपाट रिकामं झालं. म्हटलं, ही माझी छापील पोरं नव्या घरी नांदतायत का बघून यावं," सर म्हणाले. "सुनेला सांगितलंय, दात दाखवायला चाललोय."

"मग आता दात दाखवूनच जा सर," जुलेखा म्हणाली, आणि सर मनापासून हसले.

प्रतिभानं त्यांना खुर्ची दिली. खोकी उघडायला सुरुवात झाली. अर्थशास्त्र निघालं, वनस्पतीशास्त्र निघालं, भूगोलाचे खंड निघाले. सर प्रत्येक खोक्याकडे मान उंचावून बघायचे आणि परत मागे टेकायचे. शेवटचं खोकं रिकामं झालं.

"जुलेखा, सरांचं त्रैमासिक राहिलं की काय तिकडे?"

जुलेखाचा हात खोक्यातच थांबला. तिनं एकदा सरांकडे बघितलं आणि प्रतिभाला बाजूला घेतलं. पण पत्र्याच्या शेडमध्ये बाजूला असं काही नसतंच. तिथं कुजबुज केली तरी घुमते.

"ताई, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"ते आमच्याकडे कधी नव्हतंच. मागे आमच्याकडे मूल्यांकनाची समिती यायची होती. कपाटं भरलेली दिसायला हवीत ना. मग तुमच्याच कॉलेजातून टेम्पो भरून खंड आणले. आमचा शिक्का मारला, कॉम्प्युटरवर चढवले. समिती आली, दोनचार खंड उघडून बघितले, चहा घेऊन गेली. आम्ही खंड परत पाठवले."

"आणि कॉम्प्युटरवरची नोंद?"

"ती कोण काढणार? काढली तर पुढच्या समितीला काय दाखवायचं? तुमचे आधीचे साहेब नि आमचे साहेब, दोघांचं ठरलेलं होतं. दोघंही रिटायर झाले. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. सगळ्यांनाच माहीत असतं, ताई."

म्हणजे पडद्यावर जे दोन संच दिसत होते, तो एकच संच होता. आणि त्यावर प्रतिभानं स्वतःच्या हातानं, धूळ पुसून, लाल पट्ट्या लावल्या होत्या. एखादा खंड उघडून बघितला असता तर आत दोन कॉलेजांचे शिक्के दिसले असते. पण पट्टी लागते खंडाच्या पाठीवर. उघडायचं काम पडलं नव्हतं.

तिनं गिरणीला फोन लावला. पलीकडे यंत्रांची घरघर होती, त्यामुळे माणूस ओरडून बोलत होता. "सोमवारचा माल? मॅडम, त्याचा लगदा झाला की परवाच! का, काही सापडत नाही का? मागं एकाची पासबुकं गेली होती!" आणि तो हसला.

तिनं फोन ठेवला. सरांनी सगळं ऐकलं होतं. ते रागावले असते तर तिला सोसलं असतं.

"घरचा संच परवाच रद्दीवाला घेऊन गेला," ते सावकाश म्हणाले. "मीच खाली उतरून त्याला नीट गाठोडी बांधून दिली. मधे कुठे सुटायला नको म्हणून."

बाहेरून राजू ड्रायव्हरची हाक आली. "मॅडम, ताडपत्री वढू का? आज माल लय हाय, गिरणीचा वजनकाटा बंद व्हायच्या आत पोचाया पायजे."

प्रतिभा दारात गेली. गाडी काठोकाठ भरली होती, आणि पाठीपाठीवर लाल पट्टी. तिनं हाताला आला तो खंड ओढून काढला आणि उघडला. आत तिच्या कॉलेजचा शिक्का होता. त्याच्या शेजारी, जरा तिरका, दुसऱ्या एका कॉलेजचा.

"गाडी रिकामी करा," ती म्हणाली.

शेखर धावत आला. "रिकामी? मॅडम, भरलेली गाडी परत उतरवायची तर कारण द्यावं लागतं. बरं, मी लिहितो, ओल धरली म्हणून. नाहीतर काटा बिघडला."

"ओल नाही धरलेली."

"मग काय लिहू? खरं लिहिलं तर चारही कॉलेजांची चौकशी लागेल. तुमच्याकडे तर पुढच्या महिन्यात समिती येतेय. आणि या पोरीचं कंत्राट? हिनं सांगितलं, हे सगळ्यांना कळणार."

प्रतिभानं जुलेखाकडे बघितलं. जुलेखा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. घरात मिळवणारी ती एकटी, हे प्रतिभाला माहीत होतं. खोटं बोलणार नाही, असं प्रतिभा रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे हात जोडून म्हणायची. इतकी वर्षं म्हटलं, पण त्याची किंमत दुसऱ्याच्या ताटातून जाईल असं कधी वाटलं नव्हतं.

"जुलेखानं काही सांगितलेलं नाही," जुलेखाच बोलली. "असं लिहिता येईल ना, ताई? शिक्के तुम्ही स्वतः बघितले."

"बघितलेतच," प्रतिभा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "शेखर, लिहा. एकच संच दोन कॉलेजांच्या नावावर चढलेला आहे. आमच्या कॉलेजचं नाव आधी लिहा. सही मी करते."

शेखरनं लिहिलं. लिहिताना तो एकदाही वर बघेना.

राजू कुरकुरत गठ्ठे उतरवू लागला. सर खुर्ची ओढून दारात बसले आणि एकेक खंड मांडीवर घेऊन उघडू लागले. दोन शिक्के. एक शिक्का. दोन शिक्के. मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एक खंड तिच्यापुढे धरला. त्यावर तीन शिक्के होते.

"म्हणजे हा एकच खंड कॉम्प्युटरवर तीन ठिकाणी असणार," सर म्हणाले. "दोन दुबार, एक ठेवायचा. ठेवायचा तो कुठाय?"

प्रतिभा आत गेली. रॅकवर प्रत्येक नियतकालिकाच्या नावाची चिठ्ठी आधीच लावलेली होती, ज्याचा त्यानं येऊन आपल्या जागी बसावं म्हणून. तिनं नाव शोधलं. चिठ्ठी होती. चिठ्ठीखालची फळी मोकळी.

ती पुढच्या रॅककडे गेली, मग त्याच्या पुढच्या. चारही कॉलेजांची खोकी आज येऊन संपली होती. अजून कुणाचं काही यायचं बाकी आहे, असं आता म्हणता येत नव्हतं. तरी मधेमधे चिठ्ठ्या होत्या आणि खाली नुसतं लोखंड. आजवर त्या मोकळ्या जागा बघताना, येतील हळूहळू, असंच तिला वाटत आलं होतं.

"प्रतिभा," दारातून सरांनी विचारलं, "याआधी किती गाड्या गेल्या गं?"

शेखर कागदाची घडी घालत राहिला. प्रतिभा तशीच पुढच्या रांगेत शिरली, एकेका चिठ्ठीखाली हात घालून चाचपत.