दोन सूत अलीकडची रेघ

मी एक जुनी स्टील गिटार आहे. नाही नाही, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर आली ती नव्हे! गळ्यात पट्टा अडकवून, केस उडवत, उभ्याने वाजवतात ती माझी लांबची बहीण. मी मांडीवर आडवी झोपते. माझ्या तारा बोटांनी दाबत नाहीत. डाव्या हातात पोलादाची एक कांडी धरून ती तारांवरून अलगद सरकवतात आणि उजव्या हाताने तार छेडतात. त्यामुळे माझा सूर पायऱ्या चढत नाही, घसरत येतो. आपली स्तुती आपण करू नये म्हणतात, पण या वयात दुसरं कोण करायला बसलंय?

माझा जन्म दारं-खिडक्या करणाऱ्या एका सुताराकडे झाला. त्याने आयुष्यात दोनच गिटारी केल्या. पहिली वाकली, दुसरी मी. एका मोठ्या दारासाठी आणलेल्या फळीतून त्याने मला कापलं, घासलं, सहा तारा चढवल्या आणि तारांच्या खाली पांढऱ्या रंगाने आडव्या रेघा ओढल्या. या रेघेवर कांडी ठेवली की हा सूर, त्या रेघेवर ठेवली की तो. या रेघा नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण रेघांवरूनच घडलं.

मला घरी नेलं ते एका काटकुळ्या तरुणाने. त्याला सगळे मास्तर म्हणत. का म्हणत, देव जाणे; त्याने जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं. पण वाजवायचा मात्र असा, की तालमीच्या खोलीत चहा द्यायला आलेला माणूस किटली हातात धरून तसाच उभा राही. आम्ही मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं, लग्नाच्या मांडवांत वाजवलं, एकदा तर गायिकेचा घसा बसला म्हणून तिची तिन्ही गाणी मी एकटीने म्हटली. लोकांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत. घरी मास्तर जेवायला बसले तरी मी त्यांच्या मांडीवर. त्यांची बायको म्हणायची, "अहो, जेवताना तरी हिला खाली उतरवा! सवत परवडली, ती निदान भांडी तरी घासेल." मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

मास्तर मला फार जपायचे. वाजवून झालं की मऊ फडक्याने तारांखालून, तारांवरून पुसायचे. रोज पुसून पुसून दहा-बारा वर्षांत माझ्या रेघाच नाहीशा झाल्या. त्यांनी त्या पुन्हा रंगवल्या नाहीत. गरज कोणाला होती? त्यांची कांडी डोळे मिटूनही जागेवर जाऊन बसायची. पुढे पुढे तर रेघा बघायच्या असतात हेच ते विसरले.

मग दिवस फिरले. बटणांचे काळे-पांढरे कीबोर्ड आले. त्यातल्या एका बटणावर लिहिलेलं असे, 'स्टील गिटार'. बटण दाबलं की माझी नक्कल! पडसं झालेल्या बाईने हाक मारावी तसा आवाज यायचा, पण लोकांना तो चालला. आमची बोलावणी थांबली. सहा महिने मी पेटीत पडून होते आणि मास्तर खिडकीत. शेवटी बायकोनेच त्यांना शर्टाला इस्त्री करून दिली आणि वाद्यांच्या दुकानात विक्रेत्याच्या नोकरीवर धाडलं.

दुकान लांबट होतं. पुढे काचेत चकचकीत वाद्यं, मागे खोक्यांची उतरंड, आणि सगळीकडे नव्या पॉलिशचा वास. गल्ल्यामागच्या भिंतीवर मला टांगलं आणि खाली कागद चिकटवला, 'विक्रीसाठी नाही'. पहिले काही दिवस मला रडू यायचं. ज्या बटणाने आम्हाला घरी बसवलं, तेच बटण दाबून दाखवत मास्तर कीबोर्ड विकायचे! पण हळूहळू त्यांचा जीव तिथे रमला. गिऱ्हाईक आलं की ते कुठलंही वाद्य हातात घेत आणि दोन मिनिटं वाजवत, आणि गिऱ्हाईक विरघळे. मालक म्हणायचे, "आमच्या मास्तरांनी वाजवलं तर फळकूटसुद्धा खपेल!" मास्तर हसायचे आणि मीही भिंतीवर फुगायचे. त्या बोलण्यात केवढा धोका आहे, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

एका वर्षी मालकांनी एका नव्या कारखान्याकडून अकरा स्टील गिटारी मागवल्या. मास्तरांना कोण आनंद! त्यांनी एकेक मांडीवर घेतली, वाजवली, आणि सहा महिन्यांत सगळ्या विकल्या. शिकू इच्छिणारी साधी माणसं होती ती.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. "दुकानात गात होती हो, घरी नुसती कण्हते." मास्तर ती गिटार मांडीवर घ्यायचे, कांडी सरकवायचे, आणि ती पुन्हा गायला लागायची. "वाद्य ठणठणीत आहे. रियाज वाढवा," ते सांगायचे. आता समोर सूर ऐकल्यावर माणूस काय बोलणार? मान खाली घालून परत जायचा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार!

त्यांतच एक टपालवाले काका होते. उभा जन्म पत्रं वाटण्यात गेलेला, आता निवृत्त झालेले. ते तीनदा आले. तिसऱ्यांदा दुकानात गर्दी होती. काका हळूच म्हणाले, "मास्तर, रागावू नका, पण मधल्या रेघेवर सूर जरा उतरतो हो."

मास्तर घाईत होते. त्यांनी गिटार घेतली, झोकात वाजवली आणि हसत हसत म्हणाले, "काका, काही काही कानांत सूर बसतच नाही. वाईट वाटून घेऊ नका. नातवंडांना देऊन टाका!"

सगळे हसले. काकाही कसनुसे हसले. त्यांनी गिटार खोळीत घातली, खोळीची चेन हळूहळू ओढली आणि गेले. नंतर ते आले नाहीत. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी भिंतीवर मीसुद्धा हसले होते.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. एका हातात गिटार, गळ्यात मापाची टेप.

"मास्तर, मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण मापातलं कळतं. तार निम्मी केली की तोच सूर वरचा लागतो, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"म्हणजे मधली मोठी रेघ तारेच्या बरोब्बर मधोमध पाहिजे."

"पाहिजेच."

"मग मोजा की!" बाईंनी तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप धरली, दुमडली आणि निम्म्यावर बोट ठेवलं. रेघ बोटाच्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, अलीकडे होती. "मी अशी बाही कापली असती तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकली असती."

मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली. कित्येक वर्षांनी त्यांनी डोळे उघडे ठेवून, रेघ बघून, अगदी रेघेवर कांडी ठेवली आणि तार छेडली. सूर उतरलेला. दुसरी रेघ. उतरलेला. कारखान्यात रेघांची छापील पट्टी चिकटवतानाच सगळी अलीकडे सरकली होती. एकीची नव्हे, अकराही गिटारींची. मास्तर कधी रेघेकडे बघतच नव्हते, त्यांचा हात आपोआप खऱ्या जागी जात होता. बिचारी माणसं मात्र रेघेवर विश्वास ठेवून बसली होती.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. मालक कुजबुजले, "आता बोभाटा करू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"मूठ तुमची असेल, मालक," मास्तर म्हणाले, "पण आत लोकांचे कान आहेत. ज्यांना काही खटकलं नाही ते मजेत वाजवताहेत. ज्यांना खटकलं, त्यांचेच कान चांगले! आणि नेमकं त्यांनाच मी बेसूर ठरवून घरी पाठवलं. ते टपालवाले काका..."

मालक चिडले, नोकरीची आठवण करून दिली, पण मास्तर ऐकणाऱ्यांतले नव्हते. बाईंची गिटार त्यांनी तिथेच दुरुस्त करून दिली. मग खणातून बाकीच्या दहा जणांची हमीपत्रं काढली, पत्ते उतरवून घेतले. दर आठवड्याच्या सुट्टीला पिशवीत पातं, पांढरा रंग, बारीक कुंचला, आणि पेटीत मी, असे आम्ही निघायचो. जुनी पट्टी खरवडायची, मोजून नव्या रेघा काढायच्या, माझ्या सुराशी ताडून बघायच्या आणि वर माफी मागायची. एकीने गिटारीवर ओले टॉवेल वाळत घातले होते. एकाने पलंगाचा मोडका पाय आपल्या गिटारीवर टेकवला होता. पण बेकरीवाल्याने सूर जुळल्याबरोबर पिठाच्या हातांनी मास्तरांना मिठीच मारली! प्रत्येक घरी लोक म्हणायचे, "ही जुनी काय गोड वाजते हो!" आणि मी आपली सुखावायचे.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. टपालवाल्या काकांचा पत्ता मास्तर दर वेळी सगळ्यात खाली सरकवायचे.

बायकोलाही ते दिसलं. "काकांकडे कधी जाणार?"

"जाईन गं. त्यांच्याकडे निवांत जायचंय."

"निवांत कसलं डोंबलाचं! घाबरताय तुम्ही."

मास्तर बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसले. "हो. घाबरतोय," म्हणाले, आणि त्या सुट्टीलाही दुसऱ्याच घरी गेले.

दहाव्या आठवड्याला दुसरं घर उरलंच नाही. सकाळी आम्ही दोन जिने चढून गेलो. काकांच्या पत्नीने दार उघडलं. मास्तरांनी नाव-गाव सांगून काका आहेत का विचारलं.

"गेले ते," काकू म्हणाल्या. "तीन आठवडे झाले."

मास्तरांनी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. रेघा, टेप, आणि ते गर्दीत बोललेलं वाक्यसुद्धा, शब्दही न गाळता. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे मला कशाला सांगताय? त्यांना सांगायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी कुठे होतात?"

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही बेकरीवाल्याकडे होतो. चहा पीत होतो.

"दिवसभर गुणगुणायचे हो," काकू म्हणाल्या. "पत्रं वाटताना गल्लीच्या तोंडाशी असले तरी मला कळायचं, आले म्हणून. त्या दिवशी तुमच्या दुकानातून आले आणि गप्पच झाले. मी म्हटलं, अहो, म्हणा ना काहीतरी. तर म्हणाले, 'अगं, इतकी वर्षं लोकांनी सोसलं तेच पुष्कळ झालं.'"

मास्तर आत येऊन जमिनीवर बसले. काकूंनी पाणी आणून दिलं, कपाटामागची गिटार काढली, फडक्याने पुसली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "काढा रेघा."

मास्तरांनी काढल्या. एक रेघ दोनदा पुसून पुन्हा काढावी लागली. रंग वाळू दिला. मग काकूंनी कांडी मागून घेतली, मधल्या रेघेवर ठेवली आणि एक तार ओढली.

"हे बरोबर?"

"बरोबर."

काकूंनी कांडी दोन सूत मागे घेतली, जुन्या जागी, आणि पुन्हा तार ओढली. त्यांचं तोंड आंबट झालं. "आणि हे चुकतंय, हे यांना कळायचं?"

"पहिल्या दिवसापासून कळत होतं, काकू. मला सांगायला ते तीनदा आले."

"म्हणजे कान चांगला होता यांचा."

"माझ्यापेक्षा चांगला."

काकूंनी मान हलवली. "चांगलाच होता," त्या पुन्हा म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या.

मित्रांनो, वाद्य झाकून ठेवा, तारा पुसा, दमट जागी टांगू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी वेगळी विनवणी करते. कोणी 'मला जमत नाही' म्हणालं, तर त्याला हसण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिलंय ते एकदा मोजून बघा. आणि चूक आपली निघाली, तर ज्या दारी जायची सगळ्यात जास्त लाज वाटते, त्या दारी सगळ्यात आधी जा. आम्ही नऊ घरी आधी गेलो. तिथे माझं किती कौतुक झालं! त्यातला एक शब्दही आता मला आठवत नाही. दहाव्या घरी आम्ही गेलो, तेव्हा तीन आठवडे उशीर झाला होता.