दुसऱ्याच्या वजनाचा माणूस

शँपेनच्या बाटल्यांच्या आकाराच्या बाटल्या. आत गुलाबपाणी, जिंकणाऱ्याने उडवायला.

"डोळे मिटा अंकल," दुबईतल्या ऊद मेथाच्या क्लिनिकमधली नर्स सांगते. "तळपायाला काही लागलं की 'हो' म्हणा." अंकल डोळे मिटतात. खोलीत बराच वेळ कोणीच 'हो' म्हणत नाही.

शर्यतीच्या या गाड्या फक्त डावीकडे वळतात.

चीज घातलेला पराठा. त्यावर मध. त्यावर पुन्हा चीज.

घाम वाळला की कापड कडक होतं. अंगावर कापड ज्याच्या, घाम त्याचाच असेल असं नाही.

"खाइए ना," अर्सलान म्हणाला. "आप तो ऐसे देख रहे हैं जैसे दवाई हो."

दत्तप्रसाद केसकरने आणखी एक पराठा उचलला. अल क्वोजच्या त्या वर्कशॉपमध्ये तो स्टोअर सांभाळायचा. तीन भिंतींना लोखंडी रॅक, रॅकवर बेअरिंगं, फिल्टर, नट-बोल्ट, आणि चौथ्या भिंतीला तो. पुण्यात चिंचवडला असताना हेच करत होता, इथे येऊनही हेच. त्याच्या कामाकडे कधी कोणी वळून पाहिलं नव्हतं आणि त्याचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्या वर्षी वर्कशॉपला मोठं काम मिळालं. ऑल-स्टार स्टॉक कार सीरिज, म्हणजे गोल ट्रॅकवरच्या शर्यती. जगातले दहा नामांकित ड्रायव्हर, कोणी रॅलीतला, कोणी फॉर्म्युलातला, कोणी निवृत्त होऊन घरी बसलेला; आणि त्यांच्यासाठी दहा अगदी एकसारख्या गाड्या. गाड्या सारख्या, म्हणजे जो जिंकेल तो स्वतःच्या हुशारीवर. नोव्हेंबर ते मार्च, चार फेऱ्या.

पण ही दहा माणसं शर्यतीच्या आदल्या दिवशी उतरायची आणि झेंडा पडला की पुढचं विमान पकडायची. मधल्या आठवड्यांत लोकांना दाखवायचं काय? तर व्हिडिओ. दहांतला सगळ्यात मोठा चॅम्पियन वाळवंटात सराव करतोय. चॅम्पियन गाडीच्या खिडकीतून आत शिरतोय, कारण या गाड्यांना दरवाजे नसतात. चॅम्पियन मावळत्या सूर्याकडे चालत निघालाय. अंगभर ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटची काळी काच खाली. आत कोण आहे ते कोण बघतो?

आत दत्तप्रसाद होता.

अर्सलान मार्केटिंगचा मॅनेजर. त्याने दत्तप्रसादला कँटीनमधून ताट घेऊन जाताना पाहिलं आणि ओरडलाच, "केसकर साब, ज़रा फिर से चल के दिखाइए!" उंची चॅम्पियनची, खांदे त्याचेच, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती किंचित फेंगडी चाल. टीव्हीवर अर्ध्या जगाने पाहिलेली चाल स्टोअरकीपरच्या पायांत होती. सगळे हसले. दत्तप्रसादही हसला.

मग चॅम्पियन सुटला.

दुसऱ्या फेरीला तो आला तो पोट पुढे घेऊनच. त्याच्यासाठी नवे, मोठे ड्रेस शिवले गेले आणि त्यातलाच एक दत्तप्रसादकडे आला. तो अंगावर गोणीसारखा लोंबायला लागला. आधी आत स्पंज कोंबून पाहिला. बंद गाडीत, तापल्या इंजिनामागे, स्पंज भिजून जड झाला आणि दत्तप्रसाद चक्कर येऊन स्टिअरिंगवर पडला. तेव्हा अर्सलानने स्पंजला पर्याय शोधला. पर्याय म्हणजे पराठे.

"मुझे शुगर है," दत्तप्रसाद म्हणाला होता.

"यहाँ किसको नहीं है? मेरी अम्मी को है, मेरे ड्रायव्हर को है." अर्सलानने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "एप्रिल में आपका कॉन्ट्रॅक्ट है ना? पचास के ऊपर वालों को वापस भेज रहे हैं, आपने सुना होगा. वो आप मुझ पे छोड़िए. आप बस खाइए. यल्ला."

वेदांग सातवीत होता. त्याची शाळा, अनुपमाची बालवाडीतली नोकरी, करामातलं दोन खोल्यांचं घर, सगळं दत्तप्रसादच्या व्हिसाला लटकलेलं.

तो खात राहिला.

*

घरी अनुपमाने ताटात दोन फुलके, पालेभाजी आणि काकडी वाढली. दत्तप्रसाद काकडीकडे बघत बसला. दुपारचं चीज अजून घशाशी होतं.

"जेव की."

"भूक नाहीये."

"नसणारच. बाहेर गिळून आलायस." तिने ताट उचललं नाही. समोर बसली. "मला एक सांग दत्ता. जाडा तो झाला, बरोबर? तिकडे, त्याच्या देशात, त्याच्या घरी बसून?"

"हो."

"मग त्याच्या वाटचं तू का खातोयस?"

"अगं, मार्चपर्यंतच आहे."

"आणि तुझी शुगर मार्चपर्यंत थांबणारेय? तिला सांगितलंस, सीरिज चालूये म्हणून?"

सोफ्यावरून वेदांगने मान वर केली. "बट मॉम, ही इज लाइक अ स्टंटमॅन. दॅट्स सो कूल."

"स्टंटमॅन गाडी चालवतो रे," अनुपमा म्हणाली. "तुझा बाबा बसतो नुसता. त्यांनी पोतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. पोत्याला चालता येत नाही म्हणून हा."

दत्तप्रसादला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर पोटातलं सगळं वर आलं. तो बेसिनकडे धावला. मधाचा गोड, आंबलेला वास घरभर पसरला. अनुपमा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

*

किळस कशाची येते, हे त्याने एकदा स्वतःशीच ठरवायचा प्रयत्न केला. खाण्याची येते, हे खरं. आरशातल्या हनुवटीखालच्या दुसऱ्या हनुवटीची येते. पण सगळ्यात जास्त ड्रेसची. तो ड्रेस चॅम्पियनने शर्यतीत घातलेला असायचा. हे कापड साध्या धुलाईला द्यायचं नसतं म्हणे, आगीपासून वाचवायची त्याची ताकद जाते. आणि ज्या खास धुलाईला द्यायचं, तिथे अर्सलान ते पाठवत नसे. काखेत, मानेपाशी, जांघेत परक्या माणसाच्या मिठाची पांढरी वेटोळी. चेन वर ओढली की तो वास गळ्यापर्यंत यायचा. परफ्यूम, तंबाखू, शिळं मटण. दत्तप्रसाद तोंडाने श्वास घ्यायचा. मग तो वास तोंडात लागायचा.

आणि व्हिडिओखाली लोक लिहायचे. लव्ह यू चॅम्प. व्हॉट अ मॅन.

*

फेब्रुवारीत, तिसऱ्या फेरीच्या आधी, फुजैराच्या डोंगराळ रस्त्यावरच्या ट्रॅकवर शूटिंग होतं. गाडी उभी, इंजिन चालू, कॅमेरा बॉनेटवर. दत्तप्रसादने उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, सोडायचा, दाबायचा. गाडी जागची हलायची नाही. गाडी पळते तेव्हा खालून वारा लागतो. उभ्या गाडीत तो नव्हता आणि खालून गेलेला धुराचा पाइप पत्रा तापवत होता.

"वन मोअर," कॅमेरावाला म्हणायचा. "वन मोअर."

पाऊण तास.

अर्सलान बाहेर छत्रीखाली उभा होता. त्याने नाक वर करून हुंगलं. "अरे, कबाब कौन जला रहा है? लंच आ गया क्या?"

कॅमेरावाल्यानेही हुंगलं. "स्मेल्स गुड," तो म्हणाला.

लियाकतला मात्र ते पटलं नाही. लियाकत दापोलीकडचा, वर्कशॉपचा वेल्डर. त्याचं आयुष्य जळण्याच्या वासात गेलेलं. त्याने खिडकीतून आत डोकं घातलं आणि सरळ चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"दत्ताभाऊ, पाय उचला."

"का? काय झालं?"

"उचला म्हणतो ना! उजवा."

बुटाचा तळ पत्र्याला चिकटला होता. लियाकतने जोर लावून ओढला तेव्हा रबराची तार निघाली. त्याने आणि कॅमेरावाल्याने मिळून दत्तप्रसादला खिडकीतून बाहेर काढलं, वाळूवर बसवलं, बूट उतरवला. मोजा टाचेबरोबर आला. किंवा टाच मोज्याबरोबर.

"या अल्ला," लियाकत म्हणाला आणि तोंड फिरवलं.

दत्तप्रसादने स्वतःच्या टाचेकडे पाहिलं. कडेने काळी, मधे ओली, पांढरी. तो वास त्याचा स्वतःचा होता. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच.

"दुखतंय किती?"

"नाही," दत्तप्रसाद म्हणाला. "काहीच नाही दुखत." आणि ते बोलल्यावर तो घाबरला.

अर्सलान जवळ आला, रुमाल नाकाला लावून. टाचेकडे बघितलं, मग बुटाकडे. "ये शू तो ओरिजिनल था," तो म्हणाला. मग सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटून घाईने, "हॉस्पिटल! हॉस्पिटल ले जाओ इनको. हबीबी, गाड़ी निकालो."

लियाकत म्हणाला, "गाड्या आहेत ना दहा. एक तरी चालंल का रस्त्यावर?"

*

मार्चमध्ये त्याच ट्रॅकवर शेवटची फेरी. दत्तप्रसादच्या टाचेला जाड ड्रेसिंग, पायात चप्पल. ऊद मेथाच्या डॉक्टरांनी पाय टेकू नका म्हणून सांगितलं होतं, अनुपमाने जाऊच नको म्हणून. पण रिन्यूअलचा कागद अजून अर्सलानच्या टेबलावर होता. त्याने ड्रेस घातला, चेन वर ओढली, तोंडाने श्वास घेत गॅरेजमध्ये एका टायरवर बसला. दहा गाड्या ओळीने लागल्या होत्या.

चॅम्पियन आला तेव्हा लोकांनी त्याला आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, पोट सपाट, पँट पट्ट्याने आवळलेली. त्याने हात वर केले, गोल फिरून दाखवलं. टाळ्या पडल्या.

"इंजेक्शन," अर्सलान दत्तप्रसादच्या कानाशी कौतुकाने म्हणाला. "हर हफ्ते एक. क्या दिखता है यार!" मग त्याने दत्तप्रसादला खालून वर पाहिलं, आणि त्या नजरेत खरीखुरी नाराजी होती. "केसकर साब, आप तो बहुत ही हो गए."

दत्तप्रसादने ड्रेसिंगचा पाय टायरच्या आड घेतला.

"कोई बात नहीं. अगला सीज़न नवंबर में है. तब तक टाइम है." अर्सलानने त्याच्या पोटाला बोट लावलं, कलिंगड बघावं तसं. "अब बस ये कम कर दीजिए. कॉन्ट्रॅक्ट मैं आज ही साइन करवाता हूँ. मेरा वादा."

दत्तप्रसाद उठला. टायरला धरून, एका पायावर. त्याने मानेखालची चेन पकडली आणि खाली ओढली, पार खालपर्यंत.

"चेंजिंग रूम उधर है," अर्सलान म्हणाला.

दत्तप्रसादने एक बाही काढली. मग दुसरी.

"केसकर साब. कॅमेरे हैं यहाँ."

ड्रेस कमरेखाली गेला. ड्रेसिंगचा पाय त्यातून सोडवायला वेळ लागला. बनियन आणि अर्ध्या चड्डीतला, पन्नाशी उलटलेला एक माणूस दिव्यांच्या उजेडात उभा होता. पुढे आलेलं पोट त्याचं नव्हतं आणि आता दुसऱ्या कोणाचंही नव्हतं.

"हू इज दॅट?" चॅम्पियनने विचारलं.

"नोबडी," अर्सलान म्हणाला. "स्टोअर्स."

दत्तप्रसादने ड्रेस झटकला, बाह्या आत घेऊन नीट चौघडी घातली, स्टोअरमध्ये नवा माल रचतात तशी. ती त्याने चॅम्पियनच्या गाडीच्या टपावर ठेवली. "खलास," तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

"सोच लीजिए. एप्रिल—"

"सोच लिया."

लियाकतने आपला वेल्डिंगचा चामडी एप्रन सोडला आणि त्याच्यापुढे धरला. "वर्कशॉपच्या बसपर्यंत हाच गुंडाळा, दत्ताभाऊ. कपडे बसमधे आहेत ना तुमचे?" आणि मग हळूच, "व्हिसाचं काय करणार हो?"

"अनुपमाला विचारतो," दत्तप्रसाद म्हणाला. "तिचं ऐकलं नाही म्हणून तर हे." त्याने एप्रनच्या नाड्या पाठीमागे बांधायचा प्रयत्न केला. पोहोचल्या नाहीत. लियाकतने त्या दोन्ही हातांनी धरून ठेवल्या आणि मागोमाग चालू लागला.

बाहेर इंजिनं एकेक करून सुरू होत होती. दोघं डोंगराच्या कडेने पार्किंगकडे निघाले. टाच टेकायची नव्हती म्हणून दत्तप्रसाद पाऊल बाहेरून टाकत होता, मधेच थांबत होता, पुन्हा टाकत होता. ती चाल आता कोणासारखीच नव्हती.

गेल्या नोव्हेंबरमध्ये चॅम्पियनच्या त्या सीटवर पहिल्यांदा बसला तेव्हा, आसपास कोणी नाही असं बघून, दत्तप्रसादने तोंडाने गाडीचा आवाज काढला होता.