पंचायतीच्या खोलीतली बियाण्याची कोठी

मी एक जुनी कोठी आहे, मित्रांनो. माती, शेण आणि धानाचा कोंडा कालवून बायकांनी मला लिंपलं. रायपूरहून सिलतऱ्याचे कारखाने ओलांडले की आमचं गाव लागतं. तिथल्या पंचायतीच्या खोलीत मी उभी असते.

मला घडवणाऱ्या बायकांत गोदावरीकाकू पुढे होत्या. त्यांचं मराठी घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलंच. गावाच्या सामायिक शेतात सगळे मिळून शेणखतावर धान पिकवत, आणि पुढच्या पेरणीचं बियाणं माझ्या पोटात ठेवत. एका वर्षी पावसाने दगा दिला. तेव्हा माझ्यातलंच धान घरोघर शिजलं. बायकांनी मला हळदकुंकू वाहिलं. पुढे बरे दिवस आले आणि माझा विसर पडला. उंदरांनी तळाला भोक पाडलं, कारखान्यांची काळी धूळ अंगावर साचली.

यंदा मात्र मी हादरले. सामायिक शेत एका कारखान्याला राख टाकायला द्यावं, असं सरपंच श्यामरावांनी ठरवलं. पण शेवटचा निर्णय ग्रामसभेत व्हायचा होता. शेतच गेलं तर माझ्यात भरणार काय, आणि गाव खाणार काय?

सभेआधी काकूंचा मुलगा पराग खोलीत धावत आला. तो त्याच कारखान्यात कामाला होता.

"आई, तू विरोधात हात वर नको करू. माझा गेटपास बंद करतो म्हणून राहिले कारखानेवाले."

"अन् शेत गेलं तर?"

"मले नाही माहीत. मले भेव वाटून राहिलं."

काकूंनी वाकून माझ्या तळाच्या भोकाला हात लावून पाहिला.

सभा भरली. कारखान्याची माणसं दारात उभी राहून एकेक चेहरा न्याहाळत होती. श्यामरावांनी विचारलं, "जमीन द्यायले कोणाची ना आहे? हात वर करा."

एकही हात हलला नाही. काकू मला पाठ टेकून बसल्या होत्या. त्यांची थरथर माझ्या भिंतीत उतरत होती.

"काहून गोदावरीबाई, तब्येत बरी नाही का?"

"भेव लागून राहिलं, श्यामराव. पण शेत नाही देत."

त्यांनी हात वर केला. बांगड्या वाजल्या. मागून कोणीतरी "हव, नाही देत!" म्हणालं. मग हातच हात. दाराजवळ परागने खाली मान घालून आपलाही हात उचलला. ठराव पडला, आणि तो पडल्याचं श्यामरावांनाच जाहीर करावं लागलं.

परागची नोकरी गेली. आता तो सामायिक शेतात राबतो, फारसा बोलत नाही. बायकांनी माझं भोक बुजवून नवं बियाणं भरलंय. तरी शेताच्या बांधाशी कारखान्याचा एखादा ट्रक मंदावला की माझ्या काळजात धस्स होतं.

मित्रांनो, कोठ्या लिंपा, बियाणं जपा. पण गावची सभा भरेल तेव्हा घरी बसू नका. भीती वाटली तर भीतीसकट जा. मी मातीची आहे, मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.