गाडीमालकाच्या रकान्यात

तौसीफने चौथा स्क्रू काढला, स्पीकर खोक्यातून अलगद उचलला आणि आत हात घातला. बोटांना कापूस लागायला हवा होता. कापसाच्या आधी काहीतरी टोचलं. त्याने मूठ बाहेर काढून उघडली.

भात. सालीसकट, यंदाचा, पिवळा.

त्याने पुन्हा हात घातला. पुन्हा भात. चांगला ओंजळभर निघाला. मघाशी खालच्या सुरांना खोका खर्र करून का वाजत होता, ते आता कळलं. एवढंच कळलं नाही, की प्लायवूडच्या बंद खोक्यात भात स्वतःहून कसा जाईल. पुढच्या बाजूला हवेसाठी ठेवलेलं गोल भोक तेवढं होतं. त्यातून कुणीतरी ओतला असेल, तरच.

मोखाड्याच्या मैदानाच्या कडेला, मोहाच्या सावलीत, गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. गाडी मंगळूची. मागच्या सीटवर लोखंडी चौकट, चौकटीत चार बोल्टांनी आवळलेला खोका. तो तौसीफचा. मागे बसायला जागाच उरली नव्हती, म्हणून तौसीफ जव्हारहून जीपने आला होता आणि मंगळू गाडी घेऊन जामसरहून एकटाच.

एकटाच.

*नियम ३. गाडीचे इंजिन बंद असावे. आवाज फक्त बॅटरीवर. परीक्षकांची कॅसेट सर्वांना सारखी.*

हा पिवळा कागद तौसीफच्या वरच्या खिशात तीन आठवडे होता. घडीवर झिजून नियम दोन फाटून गेला होता, पण बाकीचे त्याला पाठ होते. मोटरसायकलवरील साऊंड स्पर्धा, २६ जानेवारी २००४, झेंडावंदनानंतर. पहिल्या दोन नंबरांना मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांचं काम. काम मिळालं, की एसटी स्टँडमागचा गाळा घ्यायचा. निम्मा तौसीफचा, निम्मा मंगळूचा. तौसीफने दुरुस्त करायचं, मंगळूने गावोगाव न्यायचं. पाटीचा रंगसुद्धा ठरला होता.

हे सगळं ठरलेलं आणि मुठीत भात.

गुरुवार. जव्हारच्या बाजारात मुबश्शिरच्या दुकानासमोर हीच गाडी उभी दिसली होती. मुबश्शिरकडे तौसीफने चार वर्षं सोल्डरिंग केलं, भांडून बाहेर पडला. आज मुबश्शिरची हिरवी गाडीही स्पर्धेत होती. आपण गुरुवारी कुठे होतो, ते मंगळू बोलला नव्हता.

त्याआधीचा रविवार. मंगळूने विचारलं होतं, या भोकातून आतला कापूस दिसतो का रे?

आज सकाळ. मंगळू तासभर उशिरा आला. वर हसत आला.

पायांचा आवाज आला तशी तौसीफने निघालेला सगळा भात पँटच्या खिशात कोंबला. मंगळू दोन हातांत चहाचे दोन ग्लास घेऊन, वाटेत सांडू नये म्हणून गुडघ्यांत वाकून चालत येत होता.

"काय रं, पोट फाडून बसलास याचं?"

"स्क्रू ढिला वाटला."

"वाटलंच. जामसरचा रस्ता म्हंजे नुसतं दगड. माझंच स्क्रू ढिलं झालं."

तौसीफ हसला नाही. त्याने चहा घेतला, खाली ठेवला.

"गाडी घरीच होती ना काल?"

"मग कुठं जातंय? कोंबड्या सारख्या खोक्यावर बसत होत्या. आयसनं वर टोपली घालून ठेवली."

"कोण आलं होतं बघायला?"

"अर्धा गाव. त्यातला निम्मा हात लावून गेला." मंगळूने चहाचा घोट घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "का रं?"

"काही नाही. नाव नोंदवून येतो. तू गाडीपाशी थांब." दोन पावलं गेल्यावर तो वळला. "नको. खोका मी बंद केल्यावर जातो."

त्याने चारही स्क्रू स्वतःच्या हाताने आवळले. मंगळू पेचकस धरायला पुढे झाला होता, तो तसाच हात पुढे करून उभा राहिला.

*नियम ५. गाडीमालक व साऊंड तयार करणारा निराळे असल्यास दोघांची नावे लिहावीत. काम दोघांचे धरले जाईल.*

*गाडीमालकाचे नाव ........................*

*साऊंड तयार करणाऱ्याचे नाव ........................*

मांडवात टेबलामागे प्राथमिक शाळेतले गौतम गुरुजी बसले होते. शेजारी जयवंतीबाई. त्यांचं अक्षर चांगलं म्हणून प्रमाणपत्रं लिहायचं काम त्यांच्याकडे.

तौसीफने आधी खालची ओळ भरली. तौसीफ सत्तार मन्सुरी. मग वरच्या ओळीवर पेन टेकवलं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. काम दोघांचं धरलं जाईल. गाळाही. उद्या गाळ्यातल्या खोक्यांत काय काय निघेल? खिशातला भात मांडीला टोचत होता. त्याने वरच्या ओळीतही तेच नाव लिहिलं.

"गाडी तुमचीच का?" गुरुजींनी विचारलं.

"हो."

"बरंय. म्हणजे भांडण नाही." गुरुजी हसले आणि त्यांनी शिक्का मारला.

*नियम ८. मीटरवरील आकडा व स्वच्छपणा या दोहोंना सारखे गुण.*

परीक्षक नाशिकचे होते. पांढरी पँट, गळ्यात दोरीने अडकवलेलं मीटर. एकेक गाडी मधे यायची, परीक्षक आपली कॅसेट टेपमध्ये सारायचे, दहा पावलं मागे जायचे आणि डोळे मिटायचे. झेंडावंदनाला आलेली शाळेची पोरं कानात बोटं घालून अगदी जवळ येऊन बसली होती.

नवव्या नंबरला ते दोघे. तौसीफ एका बाजूला, मंगळू दुसऱ्या बाजूला. गाडी थरथरून स्टँडवरून सरकू नये म्हणून दोघांनी ती दोन्हीकडून धरली. कॅसेटवर आधी नुसता तबला होता. मग ढोल आला.

खर्र झालं नाही. ढोलाचा पहिला ठोका जमिनीतून आल्यासारखा तौसीफच्या टाचांत शिरला आणि वर चढला. त्यामागोमाग तबल्याची थाप, कानाशीच वाजावी इतकी स्पष्ट. पुढच्या रांगेतल्या एका पोराने कानातली बोटं काढली. तौसीफने नकळत समोर पाहिलं. मंगळूही त्याच्याकडेच पाहत होता, तोंड उघडं टाकून. दोन मिनिटं तौसीफला कशाचीच आठवण झाली नाही.

परीक्षकांनी डोळे उघडले. बॅटरीला दोन वायरी लावून आकडा पाहिला.

"अजून भरलेली आहे की. कुठे चार्ज केलीत? इथे तर वीज दिवसातून सहा तास."

"केली," मंगळू म्हणाला. एवढंच.

गाडी सावलीत परत आणताना मुबश्शिर आडवा आला. पोट सुटलेला, कानात अत्तराचा फाया.

"वा तौसीफ मियाँ! माझ्या हाताखालून गेलेला माणूस असाच वाजणार. बॅटरी टिकली ना? गुरुवारी तीन तास जनरेटरवर लावली होती याने माझ्याकडे. डिझेल माझं, आणि वर म्हणतो कसा, तौसीफला सांगू नका, तुमच्या दुकानाचं नाव काढलं तरी त्याला ताप चढतो."

"चढतोच," मंगळू म्हणाला. "आत्ता बघा, चढला."

मुबश्शिर हसत पुढे गेला. तौसीफ गाडी ढकलत राहिला. बॅटरीचं समजलं. भाताचं काय? एवढा भात काही जनरेटरातून आला नव्हता.

मोहाखाली हिराबाई, मंगळूची आई, आधीच येऊन बसली होती. जीपमध्ये उभं राहून आली म्हणाली. फडक्यात नागलीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी. तिने आधी खोक्यावरून हात फिरवला, मग भोकाला डोळा लावला.

"दाणं हायत ना आत? रस्त्यात सांडलं नाय ना?"

"कसलं दाणं, आये?" मंगळूने विचारलं.

"भाताचं. काल घातलं मी. तू झऱ्यावर गेल्तास तव्हा."

"ह्याच्यात? कशाला गं?"

"कशाला म्हंजे? माझा बा, फुंकायला नवा तारपा केला, का त्याच्या भोपळ्यात चिमूटभर नवा भात घालायचा. वाजायच्या आधी त्याचं पोट भरावं. मग ते दुसऱ्यासाठी वाजत नाय, घरच्यासाठी वाजतं." तिने खोक्याकडे पाहिलं. "ह्याचं पोट मोठं. म्हून मूठ मूठ घातलं."

मंगळू दोन्ही हात डोक्यावर ठेवून हसत सुटला.

"म्हून खर्र खर्र! अन् हा सकाळपासून चेहरा करून बसलाय! तुला घावलं का रं ते?"

"घावलं," तौसीफ म्हणाला.

"मग बोलला का नाय?"

तौसीफने भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको.

*नियम ९. नोंदवलेले नाव बदलायचे असल्यास निकालापूर्वी, कारण सांगून.*

तो तुकडा चावून होण्याआधीच तो मांडवाकडे निघाला. निम्म्या वाटेत पळायलाच लागला. गौतम गुरुजी कागद एकावर एक लावत होते.

"सर, ते माझं नाव... नऊ नंबर."

"काय चुकलं?"

"वरची ओळ."

गुरुजींनी कागद काढला, चष्मा वर केला. "वर तुमचंच आहे. गाडी तुमचीच ना? तुम्हीच सांगितलंत."

"हो. म्हणजे..."

"मग मालक दुसरा कोणी आहे? असेल तर लिहू या, त्यात काय. फक्त आधी का नाही लिहिलं, ते एका ओळीत इथे द्या. तेवढं वाचून दाखवावं लागतं सगळ्यांपुढे, म्हणजे नंतर तक्रार नको." त्यांनी पेन पुढे केलं.

तौसीफने पेन घेतलं. मागे चाहूल लागली. मंगळू होता. भाकरीचा उरलेला तुकडा हातात घेऊन आला होता.

"जेवण टाकून कुठं पळतोस? आयस विचारते." त्याने टेबलाकडे मान केली. "काय झालं, सर?"

गुरुजी तौसीफकडे पाहत होते. जयवंतीबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली.

"काही नाही," तौसीफ म्हणाला. त्याने पेन टेबलावर ठेवलं. "पाणी कुठे मिळेल, विचारत होतो."

पहिला नंबर खोडाळ्याच्या कुणाचा तरी आला. मुबश्शिरचा तिसरा. मधला नंबर पुकारताना भोंग्यातून तौसीफचं एकट्याचंच नाव आलं. मंगळूने सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या आणि तौसीफच्या पाठीत गुद्दा घातला. टाळ्या थांबल्यावर तो अजून काही पुकारतात का, म्हणून थोडा वेळ मांडवाकडे कान करून उभा राहिला. मग म्हणाला, "भोंग्यात खरखर लई आहे यांच्या."

तौसीफ अर्जासारख्याच दोन ओळींचं प्रमाणपत्र घेऊन आला तेव्हा हिराबाईने आधी लुगड्याला हात पुसले. मग कागद दोन्ही हातांत, ताटासारखा आडवा धरला.

"ही वरची ओळ कुणाची?"

तौसीफने कागदाची कड सरळ केली.

"बरं, ही खालची तुझी," तिनेच ठरवलं. "तू केलास, म्हून खाली. अन् वर गाडीवाला. मंगळू. व्हय ना?"

तौसीफने वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "व्हय. इथे."

हिराबाईने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. एकदा वर पाहिलं, एकदा खाली. नांगराने काढलेल्या दोन सरींवरून नजर फिरवावी तशी.

"दोन्ही सारख्याच दिसत्यात की रं."

तौसीफचं बोट तिथेच राहिलं. मंगळू आईच्या खांद्यावरून वाकला. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेला होता तो. त्याची नजर वरच्या ओळीवरून गेली, खालच्या ओळीवरून गेली, आणि पुन्हा वर आली. त्याला जरा वेळ लागला. झाडावरचं एक पान खोक्यावर पडलं, ते त्याने उचलून टाकलं.

"शिकलेल्यांची अक्षरं सगळी सारखीच दिसतात, आये," तो म्हणाला.

मग तो गाडीकडे गेला, हत्यारांच्या पिशवीतून पाना काढला आणि चौकटीपाशी उकिडवा बसून पहिला बोल्ट फिरवायला लागला.

"इथंच कशाला सोडवतूस?" हिराबाईने विचारलं. "घरी नेऊ की. लोक बघतील."

"मागं तुला बसायला जागा नको?"

दुसरा बोल्ट निघाला. तिसरा निघाला. चौथा ढिला होताच खोका एका बाजूला कलला. मंगळूने वर पाहिलं नाही, नुसता थांबला. तौसीफ पलीकडून पुढे झाला आणि त्याने खोका धरला. कुणीतरी धरायला हवाच होता.